समासातली नोंद

बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात प्रत्येक नावापुढे एक अरुंद समास सोडलेला असतो. पुढच्या आयुष्यातल्या नोंदी त्यात येतात. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार, कधी झालं, लग्न कोणाशी, कोणत्या तारखेला, कोणत्या चर्चमध्ये. मार्च २०१७ मध्ये मी दाखला आणायला बडनेऱ्याला गेले. माझे वडील रेल्वेत होते, तिथल्याच क्वार्टरमध्ये मी वाढले. फादरांनी जुनं जाड रजिस्टर काढलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. समासात दृढीकरणाची एक ओळ होती. त्याखालची जागा कोरी.

माझ्या लग्नाला तेव्हा अकरावं वर्ष लागलं होतं. दोन लेकरं होती, शेत होतं, सासू-सासरे होते. चर्चच्या वहीत मात्र मी अजून अविवाहितच होते.

आमचं लग्न डिसेंबर २००६ मध्ये अमरावतीला विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर झालं. तीस दिवस नोटीस लागली होती, तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, मग गावी हळद आणि अक्षता. यांचं घर कुणब्यांचं. गाव अचलपूरच्या बाजूचं, काळ्या जमिनीचं. कापूस, तूर आणि थोडी संत्र्याची झाडं. मी नर्सिंग शिकत असताना ओळख झाली आणि दोघांनी मिळून ठरवलं. लग्नाआधी मी एका धर्मगुरूंकडे गेले होते. त्यांनी एका वाक्यात नाही म्हटलं. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायला बिशपांकडून सूट मागता येते, त्यासाठी ठरलेली वाट आहे, हे त्यांनी सांगितलंच नाही. मी तेवीस वर्षांची होते, उलटून विचारायचं सुचलं नाही. घरी येऊन रडले आणि रजिस्ट्रारकडे गेले.

कॅथलिक माणसाचं लग्न धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर झालं नाही, तर सरकारी कागदावर ते पक्कं असतं, पण चर्चच्या लेखी होत नाही. म्हणून मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जायचे, पण कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर घ्यायला, उठायचे नाही. अकरा वर्षं. आमच्याकडे मिस्सा महिन्यातून एकदाच जवळ होते, एरवी एसटीने तालुक्याच्या गावी जावं लागतं. सुट्टी, पाऊस, लेकरांची आजारपणं यांतून वर्षाकाठी सात-आठ वेळा पोहोचायचे. तिथे रांग पुढे सरकायची आणि मी बाकावर गुडघे आवळून बसायची. शेजारच्या बाईला वाट द्यायला पाय बाजूला घ्यायचे, एवढाच माझा त्यात भाग.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आई गेली. तिच्या अंत्यविधीच्या मिस्सालाही मी बसूनच राहिले. शवपेटी समोर, भाऊ उठला, वहिनी उठली, आईची मावसबहीण काठी टेकत उठली. आईनं मला ‘नमो मरिया’ ही प्रार्थना शिकवली होती, चुलीपुढे भाकरी थापता थापता. तिच्या शेवटच्या मिस्सात मी उपाशी बसले. त्या दिवशी ठरवलं, आता हे असं ठेवायचं नाही.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या भागाच्या चर्चमध्ये, तोवर नवे फादर आले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग एक कोरा कागद घेतला आणि काय काय लागेल ते लिहून काढलं. माझा बाप्तिस्म्याचा नवा दाखला, सहा महिन्यांच्या आतला; जुना चालत नाही, कारण समासातली शेवटची नोंद त्यावर उतरलेली हवी. रजिस्टर लग्नाचं प्रमाणपत्र. दोघांचंही आधी दुसरं लग्न झालेलं नाही याची खात्री देणारे जबाब. मग दोघांशी वेगवेगळं बोलणं, दोघांशी मिळून बोलणं, आणि शेवटी अमरावतीला बिशपांकडे अर्ज. कागद वाचून मला हायसं वाटलं. इतकी वर्षं मी ज्याला भिंत समजत होते, तिथे दार होतं, आणि त्याच्या पायऱ्या मोजता येत होत्या.

घरी सांगणं अवघड होतं. माझ्या घरात कोणी वाईट नव्हतं. पण माझा देव अकरा वर्षं लोखंडी कपाटात होता. लग्नात आईनं दिलेला लहान क्रूस आणि येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर मी साड्यांच्या मागे उभी केली होती. रात्री सगळे झोपले की कपाटाचं दार उघडायचं, उभ्यानंच चार ओळी म्हणायच्या, दार लावायचं. बिजागरी करकरू नये म्हणून तिला खोबरेल लावत असे. कोणी मनाई केली नव्हती. मीच घाबरत होते की गावात बोललं जाईल, आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्रास होईल, दिरांच्या घरी विषय निघेल.

देवघरात विठ्ठल-रखुमाई, शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर आणि आत्याबाईंची तुळशीची माळ. मामंजी गुरुदेव सेवा मंडळाचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आमच्या भागातल्या गावोगावी सायंकाळची सामुदायिक प्रार्थना घालून दिली, ती आमच्या गावातही चालते. मामंजी वयाच्या पंधराव्या वर्षापासून तिथे बसत आलेले. पांढरी टोपी, ताठ पाठ, मिटलेले डोळे. महाराजांचं १९६८ मध्ये मोझरीला निर्वाण झालं तेव्हाची अंत्ययात्रा त्यांनी पाहिली होती, ती गोष्ट ते दरवर्षी सांगतात. हे सगळं मला रोज दिसत होतं आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं, की सांजच्याला गप्प बसून देवाचं नाव घेणं या घराला परकं नाही.

यांना मी बांधावर सांगितलं, पेरणीच्या आधी, वखरणी चालू होती तेव्हा. यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “मले कायवर सही करा लागते?”

हा प्रश्न फादरांनाही त्यांनी तसाच विचारला, आणि या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते त्याचं उत्तर. फादर म्हणाले, चर्चच्या कायद्याच्या १९१७ च्या जुन्या धर्मसंहितेत दोघांकडूनही वचन घेत असत. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये ते बदललं आणि आजची १९८३ ची संहिताही तेच सांगते. वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो. दोन गोष्टींचं. आपला विश्वास सुटेल असं काही होऊ देणार नाही, आणि लेकरांना बाप्तिस्मा मिळावा, त्यांना कॅथलिक विश्वासात वाढवावं यासाठी माझ्या परीनं शक्य ते सारं करीन. दुसऱ्याला हे वचन काय आहे ते नीट कळलेलं असावं, एवढीच अट. “तुम्ही धर्म बदलायचा नाही, वचनही द्यायचं नाही. बायकोनं काय वचन दिलंय हे माहीत असलं पाहिजे. तेवढं माहीत आहे अशी सही.”

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे चांगलं हाय. जे मनात नाई ते वदवून घेत नाई.”

मी ‘शक्य ते सारं’ या शब्दांपाशी अडकले. किती म्हणजे सारं? नवऱ्याशी भांडून? आत्याबाईंना दुखवून? फादरांनी समजावलं की घर मोडून पाळायचं हे वचन नाही. आपल्या हातात जेवढं आहे त्यात कसूर करायची नाही आणि जे हातात नाही ते देवाकडे सोपवायचं. शेतकऱ्याच्या घरात राहून मला हे कळायला हवं होतं. बियाणं, डवरणी, फवारणी आपली. पाऊस आपला नाही.

जुलै-ऑगस्ट पेरणी, निंदण, खत यांत गेले. ऑगस्टच्या शेवटापासून आम्ही दोघं चार शनिवार फादरांकडे गेलो. लग्नाआधीच्या जोडप्यांना जे शिकवतात तेच, पण आमच्यासाठी बदललेलं, कारण आमचा संसार आधीच चालू होता. धर्मग्रामातलं एक म्हातारं जोडपंही येऊन बसायचं. रेल्वेतून निवृत्त झालेले काका आणि त्यांची बायको, पन्नास वर्षांचा संसार. फादर दोघांना वेगवेगळं बसवून विचारत. लग्न स्वखुशीनं आहे का, कोणाचा दबाव आहे का. लग्न म्हणजे मरेपर्यंत, एकाशीच, आणि लेकरांचं स्वागत, हे तुम्हाला मान्य आहे का. हे खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मोटरसायकलवर म्हणाले, “रजिस्ट्रारनं मले इतकं विचारलं नव्हतं.”

तिसऱ्या शनिवारी पोप फ्रान्सिस यांच्या कुटुंबावरच्या पत्राबद्दल बोलणं झालं. १९ मार्च २०१६ चं पत्र, ‘आमोरिस लेतित्सिया’, म्हणजे प्रेमाचा आनंद. त्यात पोप म्हणतात की घरात तीन शब्द लागतात: कृपया, धन्यवाद आणि माफ कर. काकू लगेच म्हणाल्या, “आमच्या घरी हे तिन्ही शब्द कोनी म्हटले नाईत.” आणि खरंच, वऱ्हाडातल्या कोणत्या घरात नवरा बायकोला धन्यवाद म्हणतो? मला ते शब्द पुस्तकी वाटले. मग काकूंनी आपल्या नवऱ्याकडे बघत सांगितलं, की भांडण झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे हा माणूस न सांगता बंबात लाकडं घालायचा, माझ्या आंघोळीचं पाणी तापवायचा. तीच माफी. त्यावर हे म्हणाले की आमच्यात मी वांगी आणतो. मला माहीतच नव्हतं! भांडण झालं की दुसऱ्या दिवशी घरी कोवळी वांगी यायची, मला वाटायचं बाजार असेल. अकरा वर्षांच्या संसारात नवरा माफी कशी मागतो हे मला त्या दिवशी फादरांच्या ऑफिसात कळलं. कागदांपलीकडे या शनिवारांनी मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी वांग्यांचं सांगते.

अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस अमरावतीला गेला. सूट मिळायला वेळ लागणार होता. फादर म्हणाले, ऑक्टोबर हा रोझरीचा महिना आहे, वाट बघत बसू नका, घरी प्रार्थना सुरू करा. पूर्ण माळ नको. एकच दशक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोझरीच्या माळेत पाच दशकं असतात. प्रत्येक दशकात एकदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहादा ‘नमो मरिया’ आणि एकदा ‘पित्याला, पुत्राला’. दर दशकाला येशू किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये घातली. आईला ती शेवटपर्यंत ओळीनं पाठ झाली नाहीत. एका दशकाला चार-पाच मिनिटं लागतात.

एवढ्या चार मिनिटांसाठी घरात जागा आणि वेळ शोधणं हे मोठं काम निघालं. जागा आत्याबाईंनी दिली. मी त्यांना स्वयंपाकघरात, चुलीवर आलनं रटरटत असताना सांगितलं, की मला रोज सांजच्याला लेकरांना घेऊन माझी प्रार्थना करायची आहे. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, “कपाट उघडून करतं तेच ना?”

माझ्या हातातला पळा तसाच राहिला.

“अकरा वर्सं झाले पाहून राह्यली मी. रोज तेल लावतं बिजागरीले. म्या म्हटलं, करू दे बाप्पा, कोनाचं काय बिघडते.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “देवाले असं कोंडून नाई ठेवत वं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी यांना मधल्या खोलीच्या भिंतीत खिळा ठोकायला लावला. तसबीर टांगली तेव्हा त्यांनी पदरानं काच पुसली.

वेळ मात्र कोणाच्याच हातात नव्हती. शेतीपंपाची लाइन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची लाइन असली की हे जेवण करून ओलिताला निघायचे, हातात बॅटरी आणि काठी. मामंजींची सामुदायिक प्रार्थना साडेसहाला. टीव्ही साडेसातला लागायचा. माझी आरोग्य उपकेंद्रातली ड्युटी, कधी रात्रीची बाळंतपणं. शेवटी मामंजी प्रार्थनेवरून परत आले की जेवणाच्या आधी, असं ठरलं. पहिल्या रात्री मी आणि लेकरं. मोठी नऊ वर्षांची, धाकटा चार. धाकट्यानं दुसऱ्या ‘नमो मरिया’ला माळ ओढली. मोठीनं दहाच्या ऐवजी बारा म्हटल्या. तिसऱ्या रात्री मामंजी येऊन बसले. बोलले काही नाही. टोपी घातली, मांडी घातली, पाठ ताठ, डोळे मिटले. त्यांना बघून धाकटा ताठ बसला. लेकरांना प्रार्थनेत बसायला मी शिकवलं नाही, मामंजींनी शिकवलं.

आठवड्याभरात आत्याबाईही आल्या. हातात तुळशीची माळ. आम्ही ‘नमो मरिया’ म्हणायचो, त्या ओठांतल्या ओठांत ‘रामकृष्णहरि’. मला याची काळजी वाटली. हे चालतं का? माझ्या विश्वासात मी भेसळ करतेय का? मी फादरांना विचारलं. त्यांनी २७ ऑक्टोबर १९८६ ची असिसीची गोष्ट सांगितली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी जगातल्या वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांना शांततेसाठी प्रार्थना करायला बोलावलं होतं. तेव्हा सांगितलं गेलं की आपण एकत्र येऊन प्रार्थना करतो, सगळे मिळून एक प्रार्थना करत नाही. “त्यांच्या माळेवर त्यांचं नाव राहू दे, तुमच्या माळेवर तुमचं. एकमेकींचं ऐकून आपापलं म्हणा.” मी हे आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मंग मी काय वेगळं करून राह्यली?”

हे मात्र बसत नव्हते. ओट्यावर असायचे, नाहीतर गोठ्यात. मी एकदाही बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आले असते, आणि तेच मला नको होतं.

त्या वर्षीच्या कापसाचं वेगळं सांगायला नको, विदर्भात ज्याच्या घरी कापूस होता त्याला २०१७ आठवतं. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीला आत्याबाईंनी शेतात सीतादही केलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. तोवर डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसायला लागल्या होत्या. पुढे बोंडं बाहेरून हिरवीगार आणि फोडली की आत गुलाबी अळी, सरकी खाल्लेली, कापूस पिवळा. वेचणाऱ्या बाया म्हणायच्या, हात लावावासा वाटत नाही. यवतमाळकडून फवारणीत विषबाधा झालेल्यांच्या बातम्या येत होत्या. आमच्या उपकेंद्रातही डोळे जळतात, चक्कर येते म्हणून माणसं यायची. मी त्यांचे कपडे बदलायला लावून पुढे पाठवायचे.

नोव्हेंबरात आमच्या गावातल्या एकानं विष घेतलं. दोन एकरवाला. बायको आणि शाळेत जाणारी लेकरं. मी त्याला गाडीत घालून नेलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो वाचला नाही. रात्री घरी आले, आंघोळ केली, हाताचा वास जाईना. शुक्रवार होता, दुःखाची रहस्यं. मला ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’च्या पुढे जाता येईना. शब्द होते, आवाज नव्हता. मोठीनं सुरू केलं. तिनं पहिलं रहस्य सांगितलं, जे मी तिला शिकवलं होतं: गेथशेमनी बागेत येशू घाबरला, त्याच्या घामाचे थेंब रक्तासारखे पडले, आणि त्याचे मित्र झोपले होते. आणि ती म्हणायला लागली. चौथ्या-पाचव्या ‘नमो मरिया’ला मला दारात सावली दिसली. हे उंबरठ्याच्या आत येऊन बसले होते, चप्पल बाहेर काढून. दशक संपल्यावर आम्ही एकेक जण आपल्या शब्दांत काही मागतो, तसं मामंजींनी मेलेल्या माणसाचं नाव घेतलं. आत्याबाईंनी त्याच्या बायकोचं. यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. मग यांनी त्याच्या बैलांची नावं घेतली. त्याचे बैल कोण सांभाळणार, ही त्यांची काळजी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे जाऊन त्या बैलांना वैरण टाकून आले, आणि वेचणी संपेपर्यंत टाकत राहिले.

त्या रात्रीचा अर्थ मला आजही लावता येत नाही, आणि लावायचाही नाही. फक्त एवढं सांगते की त्यानंतर हे उंबरठ्याच्या आत बसू लागले. गप्प. आजपर्यंत त्यांनी ‘नमो मरिया’ म्हटलेली नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला बिशपांची सूट आली. जानेवारी २०१८ मधल्या एका शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये आम्ही पुन्हा होकार दिला. अशा लग्नात सहसा मिस्सा होत नाही, बायबलचं वाचन आणि वचनं एवढंच. फादरांनी समजावलं होतं की बाप्तिस्मा न झालेल्याशी झालेलं लग्न संस्कार म्हणून गणलं जात नाही, तरी ते खरं आहे, पवित्र आहे आणि तितकंच बांधणारं आहे. संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात असा नवरा बायकोमुळे पवित्र होतो असं म्हटलंय. ‘संस्कार नाही’ हे ऐकून मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ज्या दिवशी यांनी माझा हात धरून स्पष्ट आवाजात होकार दिला, त्या दिवशी मला कशाची कमी वाटली नाही. मी जरीची हिरवी साडी नेसले होते, लग्नातलीच.

दोन साक्षीदार लागतात. एक माझा भाऊ. दुसरा कोण, यावर हे म्हणाले, “बाबा.” मी गोंधळले, साक्षीदार कॅथलिक नको का? फादर म्हणाले, समोर काय घडतंय ते कळणारा आणि नंतर सांगू शकणारा माणूस हवा, बाकी अट नाही. मामंजी पांढरं धोतर आणि टोपी घालून आले. चर्चच्या रजिस्टरवर त्यांनी देवनागरीत, अक्षर न् अक्षर वेगळं काढत, संपूर्ण नाव लिहिलं. चष्मा विसरले होते म्हणून फादरांचा लावला. सही झाल्यावर त्यांनी रजिस्टरला हात लावून कपाळाला लावला, तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेला लावतात तसा.

नोंदीचं पत्र बडनेऱ्याला पोस्टानं गेलं. आदल्या दिवशी मी पापनिवेदन केलं होतं. रविवारी सकाळी मी रांगेत उठले. भाऊ मागे होता. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. अकरा वर्षांनी जीभेवर ती भाकर आली आणि मला आईच्या चुलीचा धूर आठवला, एवढंच.

लेकरांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न उरला होता, आणि तो कागदांपेक्षा कठीण होता. दिरांच्या घरी बोलणं झालं: नाव बदलणार का, उद्या दाखल्याला अडचण येईल का, पोरीच्या लग्नाचं काय. नाव कोणाचंच बदललं नाही. संहितेप्रमाणे सात वर्षांच्या आतल्या लेकरासाठी आईबापांपैकी निदान एकाची संमती लागते. सात पूर्ण झालेल्यानं स्वतः मागावं लागतं. हे ऐकून हे म्हणाले, “मंग पोट्टीले विचारा. तिच्या वतीनं मी बी बोलत नाई, तू बी बोलू नको. धाकट्याचं तुह्या वचनात हाय, त्याले ने.” मोठी म्हणाली की तिला थांबायचं आहे. मला लागलं. मी वचन दिलं होतं ना, शक्य ते सारं करीन. रात्री बराच वेळ जागी होते. पण तिला ढकलणं हे त्या ‘शक्य’मध्ये बसत नाही, हे मला ठाऊक होतं. धाकट्याचा बाप्तिस्मा त्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, झाला. मोठी आता कॉलेजात आहे. घरी असली की दशक तीच सुरू करते. तिनं अजून मागितलेलं नाही. मी रोज त्यासाठी प्रार्थना करते आणि तिला ते माहीत आहे.

त्या फेब्रुवारीचं एक राहिलं. बोंडअळीनं कापूस गेला होता, हरभऱ्यावर आणि मृगाच्या संत्र्यावर आशा होती. रविवारी, ११ तारखेला, गारपीट झाली. झाडाखाली संत्र्यांचा सडा, हरभरा लोळलेला, गहू आडवा. त्या वर्षी महाशिवरात्र आणि आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, एकमेकांना लागूनच आले होते. आत्याबाईंचा उपास, मग माझा उपास. त्यांनी विचारलं, “तुह्या उपासाले भगर चालते का?” मी सांगितलं, आमच्याकडे एकदाच पोटभर जेवायचं आणि मांस नाही, भगरच पाहिजे असं नाही. “मंग सोपा हाय,” म्हणाल्या आणि तरी भगरच केली, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर.

मी बुधवारी कपाळावर राख घेऊन एसटीनं घरी आले. पंचनाम्याला तलाठी येऊन गेले होते. अंधार पडत होता. मामंजी प्रार्थनेवरून अजून यायचे होते. यांनी ओट्यावरून माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग गोठ्याच्या भिंतीवरची बॅटरी काढून हातावर आपटून पाहिली आणि म्हणाले, “आज लाइन आठलेच यिन. जे झाडं उभे हायेत त्याइले पानी द्या लागते. बाबा आले की माळ आधी करून घेऊ, मंग जातो मी.”